हरलेल्याचं ऐकायचं कधी?

(कुंभकोणम इथे मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानं होतात, त्या गृहस्थांचं आयुष्य सरकारी हिशेब तपासण्यात गेलं. त्यांच्या घरच्यांनी मला एवढंच सांगितलं की विषय रुक्ष असला तरी चालेल, पण पोकळ नको. रुक्षपणाची हमी मी आत्ताच देतो. मी बोलणार आहे सरकारी निविदांवर, आणि त्यातही एका बारक्या गोष्टीवर. काम मिळालं नाही तो कंत्राटदार उठून म्हणतो, ‘माझी निविदा नीट तपासली नाही.’ त्याचं ऐकायचं का, कुणी ऐकायचं, आणि मुख्य म्हणजे कधी ऐकायचं?

हा विषय मुंबई-पुण्याचा आणि मी तो उगीच कावेरीकाठी घेऊन आलो, असं समजू नका. राजा सर टी. माधवराव तुमच्या या गावात १८२८ साली जन्मले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी करणारा हा कुंभकोणमचा मराठी माणूस. त्यांच्याविषयी बोलताना लोक शिक्षणाबद्दल बोलतात, सयाजीरावांना घडवण्याबद्दल बोलतात. मला त्यांच्या कारभारातला दुसरा धागा महत्त्वाचा वाटतो, तो मक्त्यांचा. त्रावणकोरात मिरीची सरकारी मक्तेदारी होती, ती १८६० मध्ये गेली. तंबाखूची १८६३ मध्ये गेली. त्या जागी जकात आली. पुढे १८७५ मध्ये ते बडोद्याला गेले, तेव्हा मल्हारराव गायकवाडांच्या कारकिर्दीचा राडा समोर होता. महाल इजाऱ्याने द्यायचे आणि वर नजराणा घ्यायचा, असा तो कारभार. इजारा कुणाला मिळाला हे दिसायचं, पण का मिळाला ते दिसत नसे, आणि ज्याला मिळाला नाही त्याला दाद मागायला जागा नव्हती. माधवरावांनी इजारेच बंद करून टाकले. मक्ता देताना घोळ होतो ना, मग मक्ताच नको!

त्यांना ते जमलं, आपल्याला जमणार नाही. आज सरकार सहसा स्वतः खडी फोडत नाही, बस बांधत नाही, औषधाची गोळी करत नाही. तुमच्याच शहरात राज्य परिवहनाच्या महामंडळाचं मुख्यालय आहे. तिथे टायरपासून डेपोच्या शेडपर्यंत जे काही लागेल, ते बाहेरूनच येणार. म्हणजे मक्ता राहणार, मक्ता मागणारे चारजण राहणार, आणि त्यांतले तिघे हरणार.

निविदा उघडतात तेव्हा काय होतं, ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आता सगळं संगणकावर असलं, तरी भाषा अजून लिफाफ्यांचीच आहे. पहिला लिफाफा तांत्रिक. त्यात तुम्ही कोण, यापूर्वी असं काम केलंय का, उलाढाल किती, यंत्रसामग्री कोणती, अनामत रक्कम भरली का. दुसरा लिफाफा दराचा. पहिल्यात पास झालात तरच दुसरा उघडतो, आणि त्यात ज्याचा दर सर्वांत कमी तो ‘एल-वन’. दराच्या लिफाफ्यावर भांडणं फारशी होत नाहीत, कारण आकडा आकडा असतो. भांडण होतं पहिल्यावर. ‘समान स्वरूपाचं काम’ म्हणजे काय? पूल बांधला असेल तर उड्डाणपुलाचा अनुभव धरायचा का? भागीदार कंपनीचा अनुभव कितपत मोजायचा? एका निविदाकाराकडून राहिलेला दाखला समिती पत्र लिहून मागवून घेते आणि दुसऱ्याला त्याच दाखल्यासाठी बाद करते, तेव्हा नियम कोणता? सल्लागार नेमण्याच्या कामात तर गुण असतात. कार्यपद्धतीला वीस, प्रमुख तज्ज्ञांना तीस, सादरीकरणाला दहा. सादरीकरणाला दहापैकी सहा मिळाले, तर ते सहाच का, हे फाईलवर बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं.

यात एक गोष्ट आहे, तिच्याकडे फार कमी लोक बघतात. जो पहिल्या लिफाफ्यात बाद होतो, त्याचा दुसरा लिफाफा बंदच राहतो. त्याचा दर काय होता, हे कुणालाच कळत नाही. म्हणजे छाननीत चूक झाली असली, तर त्या चुकीची किंमत किती, हे ज्या जनतेच्या खिशातून पैसे जाणार तिला कधीच कळणार नाही. हरलेल्याने तक्रार केली नाही, तर ती चूक झालीच नाही असं धरलं जातं. म्हणून मला तक्रारदाराबद्दल थोडी आस्था आहे. तो स्वार्थी असतो, मान्य आहे. पण त्या बंद लिफाफ्यात काय आहे, हे माहीत असलेला आणि बोलायला तयार असलेला तेवढा एकच माणूस असतो.

आपल्याकडे या तक्रारीला मान मिळाला तो एका उपाहारगृहापायी. १९७७ च्या जानेवारीत मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर दुसऱ्या दर्जाचं रेस्टॉरंट आणि दोन स्नॅक बार चालवण्यासाठी निविदा मागवल्या गेल्या. अट अशी की, निविदाकार नोंदणीकृत द्वितीय श्रेणीचा हॉटेलचालक हवा आणि त्याला किमान पाच वर्षांचा अनुभव हवा. सहा निविदा आल्या. ज्याचं परवाना शुल्क सर्वांत जास्त, महिन्याला ६,६६६ रुपये ६६ पैसे, त्याला काम मिळालं. त्याचा अनुभव होता कँटीन चालवण्याचा. अटीत बसणारी नोंदणी त्याच्याकडे नव्हती. गंमत अशी की, दाद मागायला गेला तो माणूस हरलेला निविदाकारसुद्धा नव्हता. त्याने निविदा भरलीच नव्हती. त्याचं म्हणणं सरळ होतं. ही अट सैल होणार हे मला माहीत असतं, तर मीही भरली असती. रमणा दयाराम शेट्टी विरुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण, निकाल मे १९७९, न्यायमूर्ती भगवती. न्यायालयाने म्हटलं, सरकारने स्वतः घातलेली अट सरकारला बांधते. ती अट पाळायची, आणि पाळायची नसेल तर सगळ्यांसाठी मोडायची. आज देशात निविदेवरची एकही याचिका या निकालाचा उल्लेख केल्याशिवाय दाखल होत नसेल.

आणि याचिकाकर्त्याला काय मिळालं? काहीच नाही. न्यायालयाने सांगितलं की काम दिलं ते चूक, पण तुम्ही पाच महिन्यांहून जास्त उशिरा आलात, तोवर समोरच्याने सव्वा लाखाच्या आसपास खर्च करून उपाहारगृह थाटलं, आता ते मोडता येणार नाही. तत्त्व जिंकलं आणि कँटीनवाला राहिला. मी या निकालाकडे नेहमी दोन्ही बाजूंनी बघतो. वकील पहिली बाजू वाचतात. कंत्राटदार दुसरी वाचतो, आणि त्यातून एकच धडा घेतो, की उद्याच स्थगिती आण.

मग स्थगित्यांचं युग आलं. १९९४ मध्ये चार महानगरांच्या मोबाइल परवान्यांवरून टाटा सेल्युलरचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि तिथे लक्ष्मणरेषा आखली गेली. न्यायालय निर्णय कसा घेतला ते बघेल, निर्णय कोणता घेतला त्यावर अपील ऐकणार नाही. रेषा वाचायला सोपी आहे. पण गुण देण्याच्या बाबतीत ‘कसा’ आणि ‘कोणता’ हे वेगळे करून दाखवा बघू. सहा गुण देणं हीच तिथे प्रक्रिया आणि तोच निर्णय.

विदर्भातली दोन प्रकरणं सांगतो, कारण ती शेजारशेजारची आहेत आणि दोन वेगळ्या गोष्टी शिकवतात. नागपूरजवळच्या खापरखेडा औष्णिक केंद्रातल्या एका कामासाठी वीज मंडळाने निविदा मागवली. काम रौनक इंटरनॅशनलला मिळालं, आयव्हीआर कन्स्ट्रक्शन न्यायालयात गेली आणि काम थांबलं. डिसेंबर १९९८ मध्ये न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी निकाल दिला. पात्रतेची अट रौनक पूर्ण करत नव्हती हे खरं, पण तक्रार करणारी कंपनीही ती पूर्ण करत नव्हती! त्या निकालातला मला आवडणारा भाग वेगळाच आहे. वीज केंद्राचं काम थांबतं तेव्हा वाढीव खर्च कोण सोसतो, वीज मिळायला उशीर होतो त्याचं काय, हे प्रश्न न्यायालयाने पुढे ठेवले, आणि स्थगिती मागणाऱ्याने हरल्यास त्याची भरपाई करायची तयारी ठेवली पाहिजे असं सुचवलं. पंचवीसेक वर्षं झाली. अशी भरपाई प्रत्यक्ष वसूल झाल्याचं उदाहरण शोधायला गेलात, तर बराच वेळ लागेल.

दुसरं प्रकरण नागपूर मेट्रोचं. उन्नत मार्गाच्या कामासाठी चीनची एक कंपनी आणि टाटा प्रोजेक्ट्स यांनी मिळून निविदा भरली. चिनी कंपनीने तिकडे शहरांना जोडणाऱ्या द्रुतगती रेल्वेचं काम केलं होतं. ते ‘मेट्रोचं बांधकाम’ धरायचं की नाही? मेट्रो कंपनी म्हणाली, नाही. उच्च न्यायालय म्हणालं, धरा. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की, निविदेचा मसुदा ज्याने लिहिला त्याला त्याचा अर्थ सर्वांत चांगला कळतो, त्याचा अर्थ विकृत नसेल तर न्यायालयाने आपला अर्थ त्यावर लादू नये. अॅफकॉन्स कंपनीच्या नावाने ओळखला जाणारा हा निकाल आज प्रत्येक सरकारी वकिलाच्या बोटांवर आहे. मला त्यातली व्यावहारिक बाजू पटते. रेल्वेचे खांब आणि मेट्रोचे खांब यांतला फरक न्यायमूर्तींनी का ठरवावा? पण एक शंका उरते. मसुदा लिहिणाराच त्याचा अर्थ सांगणार असेल, तर अर्थ कधी सांगायचा? निविदा मागवताना, की लिफाफे उघडल्यावर? शब्दाचा अर्थ लिफाफे उघडल्यावर ठरला, तर त्याला अर्थ म्हणायचं की निवड?

नंतरची वाट तुम्हाला माहीत असेल. २०१८ मध्ये विशिष्ट साहाय्य अधिनियमात दुरुस्ती झाली, आणि पायाभूत प्रकल्पांच्या कंत्राटांवर मनाई हुकूम द्यायला दिवाणी न्यायालयांना बंदी झाली. मार्च २०२२ मध्ये एन. जी. प्रोजेक्ट्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रिट याचिकांनाही तोच सूर लावला. काम थांबवू नका, चूक आढळली तर नुकसानभरपाई द्या. तमिळनाडूलाही याची झळ लागली आहे. दारूच्या बाटल्यांवर लावायच्या होलोग्रामच्या निविदेवरून युफ्लेक्सचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने तक्रारदारांवर खटल्याचा खर्च लादला.

म्हणजे आजची स्थिती अशी आहे. काम दिलं गेल्यावर आलात, तर उशीर झाला. काम देण्याआधी आलात, तर तुम्हाला अजून काही कळवलेलंच नाही, मग तक्रार कसली? मे २०२५ मध्ये ठाण्यात नेमकं हेच घडलं. गायमुख ते फाउंटन हॉटेल नाका असा जुळा बोगदा, आणि पुढे वसईच्या खाडीवरून भाईंदरपर्यंत उन्नत मार्ग, मिळून सुमारे १४,००० कोटींचं काम. एल अँड टी तांत्रिक छाननीत बाद झाली. तिचं म्हणणं, आम्हाला कळवलंच नाही, कारणही सांगितलं नाही, थेट इतरांचे दराचे लिफाफे उघडले. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने निविदेतल्या अटीवर बोट ठेवलं, की छाननीची माहिती काम देईपर्यंत उघड करायची नाही. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या. मग सर्वोच्च न्यायालयात कंपनीने आपला बंद लिफाफा स्वतःच उघडला. तिच्या म्हणण्यानुसार दोन्ही कामं मिळून तिचा दर सुमारे ३,१०० कोटींनी कमी होता. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने विचारलं, फेरनिविदा काढणार का? ३० मे रोजी प्राधिकरणाने निविदाच रद्द करत असल्याचं सांगितलं. छाननी बरोबर होती की चूक, यावर बोलायची वेळ सर्वोच्च न्यायालयावर आलीच नाही. एवढी मोठी कंपनी होती, नामवंत वकील होते, सुट्टीतलं न्यायालय होतं, म्हणून तो लिफाफा उघडला. सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या पाणीयोजनेवर तीन कोटींची निविदा भरणारा मनुष्य काय करेल? तो पुढच्या निविदेच्या मागे लागेल. त्याच अधिकाऱ्याकडे त्याला पुन्हा जायचं असतं.

आता तुमच्या राज्याकडे येतो, कारण महाराष्ट्रात न झालेली एक गोष्ट इथे झाली आहे. तमिळनाडूने १९९८ मध्ये निविदा पारदर्शकता कायदा केला. देशात असा कायदा करणारं हे पहिलं राज्य. पाठोपाठ १९९९ मध्ये कर्नाटक. या कायद्याचं दहावं कलम सांगतं की छाननी निविदेत लिहिलेल्या निकषांवरच करायची, आणि काम कुणाला दिलं याच्यासोबत इतरांच्या निविदा का नाकारल्या याची कारणं निविदा पत्रिकेच्या अधिकाऱ्याकडे पाठवायची. अकरावं कलम सांगतं की नाराज निविदाकाराने आदेश मिळाल्यापासून दहा दिवसांत शासनाकडे अपील करायचं. महाराष्ट्रात असं काही नाही. आमच्याकडे शासननिर्णय आहेत, नियमपुस्तिका आहेत, १ डिसेंबर २०१६ चा खरेदीबद्दलचा मोठा शासननिर्णय आहे. कायद्याने दिलेलं अपील नाही. हरलेला थेट रिट घेऊन उच्च न्यायालयात जातो. देशाच्या पातळीवर २०१२ चं सार्वजनिक खरेदी विधेयक लोकसभेबरोबर २०१४ मध्ये बुडालं. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत, निविदाकाराने विचारलं तर नाकारण्याची कारणं सांगावीत असं म्हटलं आहे. त्यातला ‘विचारलं तर’ हा भाग मला खुपतो.

तमिळनाडूचा कायदा मी आरतीसारखा ओवाळणार नाही. त्यात एक मोठं भोक आहे. अपील ऐकतं शासनच. ज्या खात्याने निविदा नाकारली, त्याच सरकारच्या सचिवाकडे दाद मागायची. हिशेब तपासणारा माणूस आपलाच हिशेब तपासत नाही, हे या मालेच्या श्रोत्यांना सांगायला नको. तरीही लिखित कारण आणि मोजके दिवस या दोन गोष्टी एकत्र आल्या की भांडणाचं स्वरूप बदलतं. कारण लिहावं लागणार हे माहीत असलेला अधिकारी गुण देताना हात आखडतो. हा माझा तर्क आहे, पण ज्यांनी समितीत बसून शेरे लिहिले आहेत त्यांना तो पटेल.

युरोपात २००७ च्या निर्देशानुसार निवड जाहीर केल्यावर किमान दहा दिवस करारावर सही करताच येत नाही. त्या दहा दिवसांत हरलेल्याला कारणं मिळतात आणि तक्रार करायची असेल तर करता येते. अमेरिकेत सरकारी हिशेब तपासणाऱ्या कार्यालयाकडेच अशी तक्रार करायची सोय आहे. वेळेत तक्रार आली की काम सहसा आपोआप थांबतं, आणि शंभर दिवसांत निकाल लागतो. या व्याख्यानमालेत तपासनिसांच्या कार्यालयाचा एवढा उल्लेख तरी व्हायलाच हवा होता.

हे सगळं आत्ताच का बोलायचं? एक कारण पंचांगात आहे. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे, आणि २०२८ मध्ये तुमच्या इथे महामहम. बारा वर्षांनी येणारी ही पर्वं. नाशिकला गोदावरीचे घाट, रस्ते, मलनिस्सारण. इथे महामहम कुंड, त्याच्याभोवतीची व्यवस्था, गर्दीचे मार्ग. १९९२ च्या महामहमात झालेली चेंगराचेंगरी इथल्या कुणालाही विसरता येणार नाही, त्यामुळे गर्दीचं काम म्हणजे दिखाऊ काम नव्हे हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. या कामांचं वैशिष्ट्य असं की तारीख पुढे ढकलता येत नाही. गुरू सिंहेत यायचा तेव्हाच येणार. म्हणून अशा कामांत दोन्ही बाजूंचा मोह वाढतो. अधिकाऱ्याला वाटतं, अल्पमुदतीची निविदा काढू, कारणं नंतर लिहू, पर्व तोंडावर आहे. कंत्राटदाराला वाटतं, आत्ता स्थगिती आणली तर सरकार गुडघ्यावर येईल. आणि न्यायालयाला वाटतं, लाखो लोक स्नानाला येणार, आम्ही कसं थांबवणार? तिघांचंही बरोबर आहे, आणि म्हणूनच इथे चूक लपायला सर्वांत सोपी जागा मिळते.

माझी सूचना छोटी आहे. पर्वाच्या प्रत्येक कामाच्या वेळापत्रकात, तांत्रिक छाननी आणि दराचा लिफाफा यांच्या मध्ये दहा दिवस आधीपासूनच मोजून ठेवा. बाद झालेल्या प्रत्येकाला त्याच दिवशी लेखी कारण द्या, कोणत्या अटीचा कोणता भाग आणि कोणता कागद कमी पडला, एवढ्या तपशिलाने. त्याची तक्रार खात्याबाहेरच्या तिघांनी ऐकावी. एक निवृत्त न्यायाधीश, एक लेखापरीक्षक आणि त्या विषयातला एक अभियंता, ज्याचा त्या कामाशी संबंध नाही. दराचे लिफाफे तोवर बंदच असल्याने कुणाचा दर किती हे कळत नाही, आणि ऐकणाऱ्यांचं मन त्या आकड्याकडे झुकत नाही. या टप्प्यावर ऐकलं तर काम थांबत नाही, कारण काम अजून सुरूच झालेलं नसतं. विमानतळावरचं ते उपाहारगृह सव्वा लाख खर्च होण्याआधी, निविदेच्या कागदावरच तपासून झालं असतं.

यावर अधिकारी मित्रांचा आक्षेप मला ठाऊक आहे. अशाने प्रत्येक हरलेला तक्रार करेल, निव्वळ अडवण्यासाठी. राजस्थानने २०१२ च्या आपल्या कायद्यात खोडसाळ तक्रारींना दंड ठेवला आहे. अनामत रकमेचा काही भाग तक्रारीसोबत भरायला लावा, आणि तक्रार निराधार ठरली तर तो जप्त करा. शिवाय एक गोष्ट त्यांच्या लक्षात येत नाही. आज तक्रारी कमी आहेत, त्या कारण समाधानकारक असतं म्हणून नव्हे. उच्च न्यायालयात जायचं तर लाखोंचा खर्च आहे आणि खात्याशी कायमचं वैर आहे, म्हणून त्या कमी आहेत.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. कारण लिहायचं तर समितीच्या सदस्यांना निविदा वाचाव्या लागतील. चारशे पानांचे सहा गठ्ठे, आणि बैठक दुपारी तीनची. बहुतेक वेळा तक्ता सल्लागाराचा माणूस तयार करून आणतो आणि समिती सह्या करते. अशा तक्त्याखाली आपलं नाव घालून ‘हा निविदाकार अपात्र, कारण…’ असं वाक्य पूर्ण करायला सांगितलं, तर कित्येकांचं पेन अडेल. महाराष्ट्रात तमिळनाडूसारखा कायदा आणायचा विचार झाला, तर पहिला विरोध कंत्राटदारांकडून येणार नाही. तो समितीच्या या टेबलावरून येईल, आणि त्याला उत्तर म्हणून प्रत्येक सदस्याला निविदा किमान सात दिवस आधी मिळाल्या पाहिजेत, हे कलम कायद्यात पहिल्याच पानावर घालावं लागेल.